महाड-पोलादपूर येथील जुन्या वास्तूंची यादी

शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधि पोलादपुरास आहे. त्यांच्या काव्याची पोथी तंजावरास सरस्वती महालांत टिकली व इ. स. १९२७ त मुद्रित झाली. ग्रंथांस असा आश्रय मिळतो, वास्तूंस क्वचित्. रायगड व गांधारपाल्याचीं लेणीं केंद्रसरकारच्या रक्षणाखालीं आहेत. रायगडाची तर इ. स. २०२५ त जागतिक वारशांत गणना झाली. परंतु पेठेंतील खाजगी वाड्यांचें काय ? मुंबईनें इ. स. १९९५ त नियम करून वास्तूंच्या तीन श्रेणी लाविल्या, आणि मालकाचा बुडालेला बांधकामाचा हक्क त्यास अन्यत्र वापरूं दिला. महाडसारख्या लहान गांवीं अशा हक्कास गिऱ्हाईक मिळेलसें आम्हांस वाटत नाहीं. येथें घरपट्टींत सूट व दुरुस्तीस रोख साहाय्य हेंच उपयोगी. मात्र त्यापूर्वीं यादी हवी, व ती विकास-आराखड्यास जोडलेली हवी. जुलै २०२१ च्या सावित्रीच्या महापुरानंतर ही निकड अधिकच भासते. संग्राहकांसही विनंति कीं, दप्तर हातीं येतांच तें कोणत्या आळींतील कोणत्या वाड्यांतून निघालें, हें रुमालावर तेव्हांच लिहून ठेवावें; कागद घराबाहेर पडला कीं घराची ओळखही त्याबरोबर जाते.