फाइन
मध्ययुगात सुरू झालेला, इंग्लंडमधील जमीन-हस्तांतराचा न्यायालयीन दस्त. घेणारा देणाऱ्यावर लटका दावा लावी. मग दोघे न्यायाधीशांच्या परवानगीने तडजोड करीत आणि मालकी बदले. तडजोडीचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून ते नागमोडी कापत. दोन प्रती पक्षकारांना मिळत. तळाची तिसरी ११९५ पासून राजाच्या खजिन्यात राहू लागली. कडा जुळाव्या लागत असल्याने बनावट प्रत उघडी पडे. विवाहित स्त्रीची जमीन द्यायची असल्यास न्यायाधीश तिला पतीपासून वेगळे घेऊन संमती विचारीत; त्या काळी हे संरक्षण फार मोलाचे होते. १८३३ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली. तळप्रतींचा प्रचंड संग्रह लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून गावोगावच्या जमीनमालकीचा इतिहास त्यातून उलगडतो.