गाडीला विशेषण चिकटतं तेव्हा

‘फ्रंट इंजिन ड्रॅगस्टर’ असं नाव १९७० पर्यंत सहसा कुणाच्या तोंडी येत नसे. गाड्या भरपूर होत्या, पण त्यांना नुसतं ड्रॅगस्टर म्हणत. सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जीव खाऊन पळायचं, एवढ्याचसाठी बांधलेली लांबोडकी, सांगाडा उघडा असलेली गाडी. तिचं इंजिन पुढेच असायचं, मग ते वेगळं कशाला सांगायचं?

८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या गाडीतला गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. फुटणारा ऐवज यापुढे आपल्या पुढ्यात ठेवायचा नाही, असं त्याने ठरवलं आणि १९७१ मध्ये इंजिन पाठीशी घातलेली गाडी घेऊन तो पट्टीवर उतरला. तसे प्रयत्न आधीही झाले होते, पण गार्लिट्स जिंकू लागला. मग काही वर्षांतच सगळ्यांची इंजिनं मागे गेली. ‘ड्रॅगस्टर’ हे नाव नव्या गाडीने घेतलं आणि जुनीच्या वाट्याला विशेषण आलं.

मराठीत हा प्रकार पावलोपावली दिसतो. माग हा माग होता. यंत्रमाग आला आणि त्याचा हातमाग झाला. सावंतवाडीच्या बाजारात कोंबडी म्हणजे कोंबडी होती. ब्रॉयलर आली आणि घरची कोंबडी ‘गावठी’ ठरली. मुंबई-गोवा महामार्गावर ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या दिसतात. आमच्या आज्यांना या पाटीचा अर्थ कळला नसता. जेवण आणखी कशावर करतात? खुद्द गाडीचं तेच झालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली, पुढे मोटारगाडी आली. तेव्हा विशेषण नव्यांना होतं. आज ‘गाडी आणलीय का?’ या प्रश्नात बैल कुणाच्या मनात येत नाहीत. मोटारीने ‘मोटार’ टाकून दिलं, ती नुसती गाडी झाली. बैलांच्या गाडीला मात्र ‘बैल’ म्हटल्याशिवाय चालत नाही. जो शब्द विशेषणावाचून चालतो, तो त्या काळाचा मालक. इंग्रजीत अशा मागाहून लावलेल्या नावांना रेट्रोनिम म्हणतात. त्याला मराठी प्रतिशब्द घडवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

जुन्या ड्रॅगस्टरला आणखी एक नाव होतं, स्लिंगशॉट. १९५४ मध्ये मिकी थॉम्पसन या शर्यतपटूने चालकाला मागच्या आसाच्याही मागे बसवलं, जेणेकरून जास्तीत जास्त वजन मागच्या चाकांवर पडावं आणि ती घसरू नयेत. चालक गाडीच्या अगदी टोकाला, पाय फाकून, डिफरन्शिअलच्या दोन बाजूंना. मराठीत याला ‘गोफण’ म्हणायचा मोह होईल, पण तो चुकेल. गोफण गरगरा फिरवतात. स्लिंगशॉट म्हणजे आपली बेचकी: दोन फांट्यांची काठी, रबर आणि रबराच्या टोकाला मागे ताणून धरलेला खडा. तो खडा म्हणजे चालक. बेचकीतला ‘बे’ म्हणजे दोन, आपल्या पाढ्यातलाच.

आता समजा, सावंतवाडीत कुणी अशी बेचकी-गाडी घरी बांधायला घेतली. जागा मांगराची. गुरं गेली, पेंढा गेला. मांगर रिकामाच पडलेला असतो. त्याला कुणी गॅरेज म्हटलं तरी किनाऱ्यावरच्या माणसाने बिचकू नये. फ्रेंच ‘गारे’ या क्रियापदाचा जुना अर्थ होड्या आडोशाला लावणं असा आहे. मोटारी त्या शब्दात मागाहून शिरल्या.

पहिला माणूस लागेल तो मेस्त्री. सिंधुदुर्गात हे आडनावही आहे आणि हाकही. सुतार, गवंडी, इंजिन उघडणारा, सगळ्यांनाच ‘मेस्त्री खंय गेलो?’ पोर्तुगीज ‘मेश्त्र’ म्हणजे धंद्यात मुरलेला, शिकवू शकणारा कारागीर, आणि त्याच्यामागे लॅटिन ‘मागिस्तेर’. हाच लॅटिन शब्द इंग्रजीतून ‘मास्टर’ होऊन आला आणि शाळेतला मास्तर बनला. म्हणजे गावातले मास्तर आणि मेस्त्री हे एकाच शब्दाचे दोन मुलगे. एक गोव्याच्या बाजूने आला, दुसरा मुंबईच्या. एकाला पाट मिळाला, दुसऱ्याला खुर्ची. गाडी बांधायची तर मला धाकटा हवा. (धाकटा म्हणतोय खरा, पण आपल्या भाषेत आधी आला तो मेस्त्रीच.) त्याच वाटेने चावी आली, बिजागरी आली, माती-सिमेंटचं घमेलं आलं, आणि मेस्त्रीला द्यायचा पगारही.

मग भंगार. जुन्या गाडीचा मागचा आस, कुठल्या तरी जीपचं इंजिन, पाण्याच्या पाइपचे तुकडे. अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. मोडीतल्या फोर्डच्या सांगाड्याच्या दोन लांब पट्ट्या उरल्या, त्यांवर इंजिन ठेवलं, म्हणून त्या गाड्यांना ‘रेल’ म्हणत. मोडलेल्या मालाला आपण भंगार म्हणतो, त्यात ‘भंग’ सरळ दिसतो. पण सावंतवाडीहून बांदा ओलांडून गोव्यात उतरा आणि सोनाराच्या दुकानात जा. तिथे ‘भांगार’ म्हणजे सोनं. तो शब्द वेगळ्या घराण्यातला; त्याचं नातं संस्कृत भृंगाराशी, राजाच्या सोन्याच्या झारीशी लावतात, आणि कन्नडातही सोन्याला ‘बंगार’च म्हणतात. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त एका कान्याच्या अंतरावर ते शेजारी राहतात. तरी भंगारवाल्याच्या ढिगात हवा तो गिअरबॉक्स सापडलेल्या माणसाचा चेहरा पाहिला, की संबंध नाही हे व्युत्पत्तिकारांचं म्हणणं पटवून घ्यायला जड जातं.

भंगारातून गाडी करणं आपल्याकडे झालेलंही आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी २०२१ मध्ये जुन्या सुट्या भागांतून एक छोटी चारचाकी उभी केली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली, ती त्यांना मिळालीही. पण बातम्यांत शब्द वापरला गेला तो ‘जुगाड’. हा उत्तरेकडचा पाहुणा मला या कामासाठी आवडत नाही. त्यात वेळ मारून नेल्याचा वास आहे. आपल्याकडे ‘जुळणी’ आहे. सांध्याला सांधा लागला, माप मापात बसलं, हे त्या शब्दात ऐकू येतं. ज्याचं आडनावच लोहार आहे, त्याच्या कामाला तरी जुळणी म्हणावं.

मांगरातल्या जुळणीत सगळ्यात जुने शब्द खाली, जमिनीलगत सापडतील. चाक म्हणजे संस्कृत चक्र, आणि इंग्रजी ‘व्हील’ही त्याच मूळ घरचं. आस म्हणजे अक्ष, ‘ॲक्सल’ त्याचा भाऊबंद. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी गाड्या जुंपल्या, त्यांचे शब्द मेस्त्री आणि अमेरिकन चालक दोघेही अजून वापरतात. मात्र गाडीवानाचे कितीतरी शब्द या मांगरात येत नाहीत. चाकाच्या मधल्या भोपळ्याला तुंबा म्हणत, आता ‘हब’. चाकाभोवती लोहार तापवून बसवायचा ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. काय नाव होतं! इंग्रजीत टायर हा चाकाचा पोशाख, ‘अटायर’मधून आलेला, असं कोशकार सांगतात, मराठीत मात्र ती चाकाची धाव होती. गेली. टायरवाल्याकडे जाऊन धाव मागितली, तर तो पाणी आणून देईल.

याउलट परक्या शब्दांना मेस्त्रीच्या कानाने घरचं करून टाकलंय. वॉशरचा वायसर झाला, ट्रकवरच्या क्लीनरचा थेट किन्नर, म्हणजे देवलोकातला गवई. लेथवर आस घासून घेण्याला मेस्त्री ‘टर्निंग मारणं’ म्हणतो. सावंतवाडीत तरी त्याने ‘कातणं’ म्हणायला हरकत नव्हती. लाकूड फिरवून गोल करणारा तो कातारी. तिथल्या चितार आळीतली लाखेच्या रंगाची खेळणी याच विद्येने घडतात. चितार म्हणजे चित्रकार, झिजून गुळगुळीत झालेला.

राहता राहिली शर्यत. ‘ड्रॅग’ हे नाव कसं पडलं, याच्या दोन-तीन कथा आहेत. मला त्यांतली ‘मेन ड्रॅग’ची बरी वाटते: गावाच्या मुख्य रस्त्याला अमेरिकन बोलीत ड्रॅग म्हणत, कारण त्यावरून गाड्या ओढल्या जात, आणि पोरं रात्री तिथेच पैजा लावत. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर पैसे भरून पळण्याची सोय झाली, तेव्हा हा खेळ रस्त्यावरून धावपट्टीवर आला. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर असे पाव मैल पळवले गेलेत. सिंधुदुर्गाची चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची. तिच्यात असे सहा पाव मैल मावतील, पण ती विमानांची.

पण सरळ रेषेत, काही सेकंदांत निकाल लागणारी, हलक्यात हलका केलेला सांगाडा पळवणारी शर्यत मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या पट्ट्यांवर, तेच चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने ही शर्यत थांबली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने तिला मोकळीक देणारा कायदा मान्य केला. या सगळ्या कागदांत ‘बैलगाडा’ लिहिलेलं आहे. घाटावर उभा असलेला माणूस नुसतं ‘गाडा’ म्हणतो. ‘गाडा पळाला.’ तिथे अजून विशेषणाची गरज पडलेली नाही. शर्यत या शब्दामागे अरबी ‘शर्त’ आहे, पैज ही प्रतिज्ञेची झिजलेली लेक. पळण्याच्या खेळाला आपण दोन्ही नावं दिली ती बोलण्याची, शब्द देण्याची.

मांगरातली गाडीही तिच्या धन्यासाठी नुसती गाडीच असेल. आरटीओ तिची नोंद करणार नाही, म्हणजे ती ट्रेलरवर चढवून न्यावी लागेल; ओढण्यावरून नाव पडलेली गाडी ओढतच पट्टीवर येईल. आणि जुन्या पद्धतीने इमानदारीत बांधली असेल, तर तिला स्टार्टर नसेल. वजन वाचवायला त्या काळी तो ठेवत नसत, मागून दुसरी गाडी लावून ढकलत. या एका गोष्टीसाठी मात्र मेस्त्रीला नवा शब्द शिकावा लागणार नाही. एसटी डेपोपासून गावच्या टेम्पोपर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे: धक्का स्टार्ट.