जाळीचा अर्थ आणि १,४९० शब्द

'नेटवर्क डाऊन आहे' हे वाक्य ऑफिसात दिवसातून दहादा कानावर पडतं. हाच शब्द सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात आहे, पण त्याची व्याख्या वाचून डोकं धरावं लागतं! साधी जाळी समजवायला 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' असले शब्द. मग त्यांच्यासाठी परत कोश उघडा. एक सॉफ्टवेअर टाकायला गेलं की ते आणखी चार मागतं ना, तसंच.

मोठ्यांचं ठीक आहे हो, शाळेतल्या पोरांनी काय करायचं? हे मनावर घेतलं मायकेल वेस्टने, आणि तेही ढाक्यात राहून. १९२० च्या दशकात तो तिथे शिक्षकांना शिकवायचा. बंगालमधली बरीच मुलं शाळा अर्ध्यावर सोडत, आणि तोवरचं इंग्रजी वाया जाई. निदान वाचता तरी यावं म्हणून त्याने धड्यांतले अडनिडे शब्द काढून रोजचे घातले.

पुढे १९३५ मध्ये त्याने जेम्स एन्डिकॉटबरोबर कोश काढला. सुमारे २४ हजार नोंदी, आणि सगळ्यांचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत! तेवढे आले की शेजारी मास्तर नसला तरी पोरगं पुढचं स्वतः शोधणार. मला हे जॉन्सनच्या पांडित्यापेक्षा अवघड वाटतं.

१९७८ च्या लाँगमन कोशाने सुमारे २,००० शब्दांची अशीच यादी घेतली. यादीबाहेरचा शब्द व्याख्येत घुसला तर पकडायला तोवर कॉम्प्युटर आला होता. वेस्टच्या वेळी मात्र सगळं हातानेच.