बालगंधर्वांच्या नायिका आणि प्रेक्षक-स्त्री

बालगंधर्वांचे नाव निघताच त्यांच्या गायनाचे प्रथम स्मरण होते, आणि ते उचितच आहे. परंतु त्यांनी उभ्या केलेल्या नायिकांनी तत्कालीन मध्यमवर्गीय स्त्रीच्या मनावर जी मोहिनी घातली, ती सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तितकीच विचारार्ह आहे.

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हे १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तील (१९११) भामिनी आणि ‘स्वयंवरा’तील (१९१६) रुक्मिणी या दोन्ही नायिका वैभवात वाढलेल्या, मानी व पतीच्या निवडीत स्वतःचे मत असलेल्या आहेत. त्यांच्या शालूची नेसण, केशरचना, दागिने यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतून होऊ लागले. ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, हा योगायोग असला तरी त्या काळाचा कल दर्शविणारा आहे.

हा मोह केवळ जरीचा असता, तर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) सिंधूच्या फाटक्या लुगड्यापाशी तो ओसरला असता. तसे झाले नाही. आकर्षणाचे मूळ वैभवात नसून दारिद्र्यातही न ढळणाऱ्या कुलीनतेत होते, हे यावरून दिसून येते. मात्र या कुलीनतेचे मोलही मोठे होते. जी प्रतिमा रुक्मिणीच्या रूपाने वरनिवडीचे धैर्य शिकवीत होती, तीच सिंधूच्या रूपाने मद्यपी पतीपुढील निमूट सहनशीलतेला पावित्र्य देत होती.

ही प्रतिमा पुरुष नटाने साकारली, यातही एक सोय होती. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या होत्या. परंतु नटीच्या व्यवसायाला प्रतिष्ठा नव्हती. भामिनीचे अनुकरण करणाऱ्या गृहिणीवर नटीचे अनुकरण केल्याचा आरोप येत नसे. पुढे १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या आणि ही सोय अनावश्यक ठरू लागली.

सारांश, स्त्रीत्वाचा आदर्श नाटककार व नट या पुरुषांनी घडविला, हे खरे. तथापि त्यातील काय उचलावे, याची निवड प्रेक्षक-स्त्रीनेही केली. शालूची नेसण तिने घरी नेली. सिंधूची सहनशीलता मात्र तिच्या घरी आधीच होती. रंगभूमीने तिला केवळ सौंदर्य दिले.