अडसर दूर होतो तेव्हा

एकाच पेशीपासून आपला सारा देह घडतो. तिच्याच वंशातील एक पेशी त्वचेची होते, दुसरी मेंदूची. दोघींतील जनुके मात्र तीच. मग हा भेद कोण करतो? या प्रश्नाचा इतिहास जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील एका विद्यार्थिनीकडे नेतो.

हिल्ड मँगोल्ड १९२१ साली प्राध्यापक हान्स स्पेमान यांच्या हाताखाली संशोधन करीत होती. न्यूट या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या फिकट भ्रूणातील एक इवलासा तुकडा तिने दुसऱ्या, गडद रंगाच्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस रोवला. तेथे दुसरा भ्रूण आकारास आला आणि त्याच्या मज्जासंस्थेतील बहुतेक पेशी गडद रंगाच्या होत्या! म्हणजे ज्या पेशी पोटाची त्वचा व्हायच्या, त्यांनीच शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आपली वाट बदलली होती.

हा शोधनिबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात घरातील स्टोव्हच्या अपघातात भाजून हिल्ड निवर्तली. वय अवघे पंचवीस. स्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३५ साली.

त्या तुकड्याचा निरोप तरी कोणता? ‘चेतापेशी हो’ अशी आज्ञा असावी, असाच बहुतेकांचा कयास होता. पुढे बेडकाच्या भ्रूणात १९९२ साली नॉगिन व १९९४ साली कॉर्डिन ही प्रथिने हाती लागली आणि उत्तर अनपेक्षित निघाले. ती आज्ञा देत नाहीत. बीएमपी नावाच्या प्रथिनाला जखडून ठेवतात. बीएमपी त्वचेकडे नेणारी जनुके जागी करते व चेतापेशींची वाट अडवते. हा अडसर दूर होताच पेशी मज्जासंस्थेकडे वळते. मग न्यूरोजेनिनसारखी जनुके पुढची जनुके क्रमाने जागी करतात. इतर पेशींत चेतापेशींची अनेक जनुके मिटून ठेवणारे रेस्ट हे प्रथिनही येथे माघार घेते.

याच ज्ञानाच्या आधारे २००९ साली मानवी मूलपेशींतील दोन संदेश रोखून त्यांना मज्जासंस्थेच्या वाटेवर आणण्यात आले. क्योटो येथे प्रौढाच्या पेशींपासून बनवलेल्या मूलपेशींतून चेतापेशींच्या पूर्वपेशी घडवून त्या पार्किन्सनच्या सात रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आल्या. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. उपचार अजून बाल्यावस्थेत आहे. पण थरथरत्या हातांना त्यातून आशा दिसते. त्या आशेच्या मुळाशी पंचविशीत विझलेल्या एका मुलीचे कष्ट आहेत, याचे स्मरण असू द्यावे.