बिरड्याचा रोजा आणि १९६४ चा ठिय्या

आपल्या मुलांना इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुम्ही भारतातले, मग तुम्ही यहुदी कसे? मुले घरी येऊन तोच प्रश्न आपल्याला करतात आणि आपण "अरे, आपण पूर्वीपासूनचेच" असे म्हणून वेळ मारून नेतो. या पुरवणीच्या निमित्ताने त्याचे जरा सविस्तर उत्तर द्यावे असे मनात आले. कारण हाच प्रश्न एकदा मोठ्या माणसांनी, तोही लग्नाच्या दारात उभे करून, आपल्या लोकांना विचारला होता.

आपली परंपरा सर्वांना ठाऊक आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. हे नेमके कधी घडले यावर पंडितांनी वाद घालावा. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पुस्तक नाही, रब्बी नाही, मशीद नाही, अशा स्थितीत कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पांगलेल्या या लोकांनी मुलांची सुंता सोडली नाही, खवले आणि पर नसलेली मासळी घरात आणली नाही आणि शनिवारी घाणा चालवला नाही. म्हणून तर शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शेमा तेवढी तोंडपाठ राहिली. जन्म असो की मरण, तीच म्हणायची.

सणांची जुनी नावे पाहा. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, पेसाख म्हणजे अनाशी ढाकाचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाचा उपास, त्याचे नाव बिरड्याचा रोजा! हिब्रू नाव विसरले, पण त्या दिवशी वालाचे बिरडे करायचे हे बायका विसरल्या नाहीत. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, त्यात ही सारी नावे नोंदलेली आहेत. हे पुस्तक छापून निघाले १९३७ साली, तेही तेल अवीवमध्ये. ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते मुलांच्या हाती जरूर द्यावे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोकणात आपल्याला कोणी छळले नाही. युरोपातल्या यहुद्यांच्या वाट्याला जे आले ते आपल्या वाट्याला आले नाही. त्यामुळे आपली श्रद्धा कधी कसाला लागलीच नाही असे काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही.

सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल यहेझ्केल दिवेकर, कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत (१७८०–८४) ते पकडले जाऊन टिपूच्या कैदेत पडले. आपल्याकडे सांगतात की टिपूसमोर उभे केल्यावर त्यांना जात विचारली. त्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. टिपूची आई म्हणाली, हे नाव तर कुराणात आहे, यांना मारू नको. ही कथा अक्षरशः खरी की लोकांनी रंगवलेली, ते बाजूला ठेवू. जीव वाचला तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला त्यांनी ते बांधले. शाअर हारहमीम, दयेचा दरवाजा. आपण तिला जुनी मशीद म्हणतो. मशीद उभी राहिली, पण तिला तोऱ्याच्या गुंडाळ्या हव्यात. त्या आणायला सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले.

ही झाली शत्रूच्या हातची परीक्षा. आपल्या माणसांच्या हातची याहून अवघड असते.

१९४८ नंतर आपले लोक इस्राएलमध्ये येऊ लागले. पहिली वर्षे फार कठीण गेली. काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि १९५२ साली ते भारतात परतलेही. त्यांतले बरेचजण पुढे पुन्हा आले, हे विशेष. पण खरा घाव पडला तो १९६२ मध्ये. इथे लग्न लागते ते रब्बींच्याच हातून. त्या वर्षी प्रमुख रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या सूचना निघाल्या. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करू लागली, तर तिची आई, आईची आई, असे जमेल तितके मागे जाऊन बघा, कुठे परक्याचे रक्त मिसळले आहे का. घरात कुणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झाले होते का, तेही तपासा. रब्बींची अडचण समजून घेऊ. शास्त्राप्रमाणे सोडचिठ्ठी न होता बाईने दुसरे लग्न केले, तर त्या मुलांना पिढ्यान् पिढ्या समाजात लग्न करता येत नाही, असा हलाखाचा दंडक आहे. कोकणात सोडचिठ्ठीचे शास्त्र जाणणारे कोणी नव्हते हेही खरे.

पण आपल्याकडे घटस्फोट होत होते किती? शेजारच्या हिंदूंप्रमाणे विधवेचे दुसरे लग्नसुद्धा होत नसे! आणि पणजीचे कागद आणायचे कुठून? पेण, किहीम, दिवे, राजपुरी या गावांत यहुद्यांची वंशावळ लिहिणारा कोण बसला होता? आपली वंशावळ म्हणजे आपले आडनाव. पेणकर, केहिमकर, दिवेकर, राजपूरकर.

वेगळा पंथ काढून मोकळे व्हावे, असे अपमानित माणसाला सहज वाटू शकते. धर्मच सोडावा असेही वाटते. आपल्या लोकांनी दोन्ही केले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बीरशेबा, दिमोना अशा गावांतून शेकडो माणसे जेरुसलेमला आली आणि ज्यूइश एजन्सीच्या इमारतीसमोर बायकामुलांसह ठिय्या देऊन बसली. मागणी एकच: आम्ही यहुदी आहोत की नाही, ते स्पष्ट सांगा. ज्यांनी नाकारले त्यांच्याच दारात बसून, त्यांच्याच धर्माच्या नावाने न्याय मागायचा, याला नुसते राजकारण म्हणणारे इतिहासकार आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्याचा देवावरचा विश्वास उडाला तो रब्बीकडे न्याय कशाला मागेल?

१७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले. तेव्हा लेवी एश्कोल पंतप्रधान होते. ३१ ऑगस्टला रब्बीमंडळाने सूचनांतून 'बेने इस्राएल' हे शब्द काढले आणि त्या जागी ज्या कोणाच्या कुळाबद्दल शंका असेल असे मोघम शब्द घातले. पाहिले तर तीन-चार शब्दांचा फरक!

अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात, आणि तू बिश्वातला तिथे मालिदा होतो. आता पोहे, नारळ आणि साखर घेऊन आपल्यापैकी कित्येकजण हैफाला एलियाहूच्या गुहेपाशी जातात. नवस तिथेही फेडले जातात.