शालजोडीचे सूत आणि ते कातणाऱ्या

काश्मिरी शालीविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात नक्षीदारांचे कसब, रंगाऱ्यांचे रंग, व्यापाऱ्यांचा नफा व राज्यकर्त्यांचे कर यांचा ऊहापोह पुष्कळ आढळतो. परंतु ज्या सुतामुळे शाल ही शाल होते ते कोणी, कसे व कोणत्या मोबदल्यात कातले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आपल्याकडील जुन्या कागदांतही तोच प्रकार. बहुमानाच्या व पोशाखांच्या याद्यांत शालजोडी वारंवार येते. तिची संख्या येते, क्वचित किंमत व रंगही येतो. कातणारीचे नाव तेथे यावे कसे? देणारा व घेणारा दोघेही कापड मोजतात, सूत मोजीत नाहीत.

प्रथम शब्दाचे पाहू. शाल जोडीनेच का द्यावी, याचे मूळ आईन-इ-अकबरीत सापडते. अबुल फजल सांगतो की अकबराने शाल दुहेरी वापरण्याची चाल पाडली, आणि शालीस ‘परमनरम’ असे नवे नावही दिले. नाव टिकले नाही, चाल टिकली. फारसी दुशाला व मराठी शालजोडी ही त्या एकाच चालीची दोन नावे होत. ही चाल किती दृढमूल झाली होती याचे प्रमाण दिनांक 16 मार्च 1846 च्या अमृतसरच्या तहात मिळते. त्याच्या दहाव्या कलमान्वये गुलाबसिंगाने इंग्रज सरकारास दरसाल एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या (सहा नर, सहा माद्या) व तीन शालजोड्या द्यावयाच्या होत्या. मराठीत तर शालजोडी मर्मभेदी पण सभ्य बोलण्यातही जाऊन बसली आहे. ज्याला शालजोडीतले मिळाले तोच त्याचे वजन जाणतो.

आता लोकरीकडे वळू. लडाखच्या चांगथांग पठारावर व पश्चिम तिबेटात ज्या बकऱ्या पाळतात, त्यांच्या बाहेरील राठ केसांखाली थंडीच्या दिवसांत अतिमृदू लव येते. तिला पश्म म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही लव सुटू लागते तेव्हा ती विंचरून काढतात. तिचा तंतू सामान्यतः मिलिमीटरच्या 12 ते 16 सहस्रांशांइतका जाड, म्हणजे मानवी केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा असतो. 1684 च्या टिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटातील पश्म लडाखमार्गे काश्मीरकडे वळविण्यात आली, आणि पुढे दीर्घकाळ हा माल मुख्यतः श्रीनगरच्या व्यापाऱ्यांच्या हाती राहिला.

पण पश्म म्हणजे सूत नव्हे. या दोहोंमधील कामाची सविस्तर हकीकत विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज पशुवैद्याने दिली आहे. तो 1822-23 मध्ये काश्मिरात होता. 1825 मध्ये तो वारला, आणि त्याचे प्रवासवृत्त 1841 मध्ये होरेस हेमन विल्सन या संस्कृतज्ञाने संपादून प्रसिद्ध केले. त्यावरून दिसते ते असे. पश्म घरी आणल्यावर बायका प्रथम तीतील राठ केस बोटांनी निवडून काढीत. मग तांदूळ भिजवून पाट्यावर बारीक वाटीत, आणि लोकरीचा एक व पिठाचा एक असे थर देऊन ती हातांनी दाबीत. पिठाने तेलकटपणा व मळ ओढून घेतला की ते झटकून टाकीत, नखांनी लोकर पिंजीत, तिच्या मऊ वड्या करीत व त्या चरख्यावर कातीत. साबण मुळीच वापरीत नसत, कारण त्याने लोकर राठ होते. काश्मिरी भाषेत या चरख्यास येंदर म्हणतात. आपल्याकडील धनगर चातीवर कातलेल्या ताण्यास चिंचोक्याची खळ देतो. काश्मिरात ताण्यासही तांदळाचीच खळ. एकच धान्य अन्न, साबण व खळ या तिन्ही ठिकाणी कामास येते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मूरक्रॉफ्टच्या अंदाजाने या कामात सुमारे एक लाख स्त्रिया गुंतलेल्या होत्या. हा आकडा मोजणीचा नव्हे, अजमासाचा आहे. तो शब्दशः घेऊ नये. परंतु पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत त्या कातीत असत, आणि ज्यांना दिव्याचे तेल परवडत नसे त्या चांदण्यात कातीत, हे जे तो लिहितो ते मात्र कल्पनेचे वाटत नाही.

येथे एका जुन्या मताचा विचार करणे अवश्य आहे. 1665 च्या सुमारास औरंगजेबाच्या स्वारीबरोबर काश्मिरात गेलेला फ्रेंच वैद्य बर्निये लिहितो की पाटणा, आग्रा व लाहोर येथे खटपट करूनही काश्मिरी शालीची मृदुता साधली नाही. तिचे कारण बहुधा त्या देशाच्या पाण्यात असावे. हे मत पुढे अनेकांनी उचलले. पाण्याचा गुण अगदीच नाकारावा असे आम्ही म्हणत नाही. तथापि 1833 च्या दुष्काळानंतर काश्मिरी शालबाफ मोठ्या संख्येने पंजाबात गेले, अमृतसरास माग चालू झाले, आणि तरी तेथील शाल उणीच मानली गेली. तेथे शुद्ध पश्मेत किरमानी लोकरीची भेसळ होत असे, हे त्याचे एक उघड कारण. हात तेच, नक्षी तीच, सूत मात्र निराळे! ज्या घराघरांतून पश्म निवडली व कातली जाई ती घरे शालबाफाबरोबर अमृतसरास थोडीच गेली होती? आमच्या मते बर्नियेने जे श्रेय पाण्यास दिले त्याचा मोठा वाटा चरख्याचा आहे.

आपल्या प्राचीनांस ही गोष्ट ठाऊक होती. 1905 मध्ये शामशास्त्र्यांच्या हाती आलेल्या व 1909 मध्ये त्यांनी छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया, कन्या, प्रव्रजिता, वृद्ध राजदासी इत्यादींकडून ऊर्णा, कार्पास, क्षौम आदींचे सूत कातवून घ्यावे, आणि सूत श्लक्ष्ण, मध्यम की स्थूल हे पाहून वेतन ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. पहाटे सूत देण्यास आलेल्या स्त्रीच्या मुखाकडे पाहणाऱ्यास किंवा तिच्याशी अन्य विषय बोलणाऱ्यास दंड. वेतनास विलंब लावणाऱ्यास त्याहून अधिक दंड. दिवा असावा तो केवळ सूत पारखण्यापुरता. वेतन घेऊन काम न करणारीस जी शिक्षा तेथे आहे ती क्रूर आहे, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु सुताचा बारीकपणा व कातणारीची मजुरी यांचा संबंध लेखी जोडणारा हा अधिकारी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या काश्मिरात आढळत नाही. तेथे होता तो दाग-शालीचा महकमा, आणि त्याचा शिक्का तयार कापडावर उमटे.

असो. या कराच्या व कारखानदारांच्या जाचाने गांजलेले शालबाफ दिनांक 29 एप्रिल 1865 रोजी श्रीनगरात मोर्चाने निघाले. फौजेने त्यांस पुलावर अडविले, व 28 जण प्राणास मुकले. या प्रसंगाचा उल्लेख काश्मीरच्या इतिहासात सर्वत्र येतो. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने युरोपातील गिऱ्हाईक गेले, 1877 च्या दुष्काळाने उरलेसुरले माग बसले. तेही लिहिलेले आहे. माग बसला म्हणजे त्यास सूत पुरविणारे चरखेही बसले, एवढे अनुमान मात्र वाचकाने स्वतःच करावयाचे.

अलीकडील कागद या बाबतीत काहीसे अधिक बोलके आहेत. 2008 मध्ये ‘काश्मीर पश्मिना’ या नावास भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच्या अटींत तंतू 16 सहस्रांश मिलिमीटरहून जाड नसावा व सूत हातानेच कातलेले असावे, असे स्पष्ट आहे. यंत्राचा ताण निव्वळ पश्मेस सोसत नाही, म्हणून यंत्रावर कातताना तीत नायलॉन मिसळून मागाहून ते तेजाबाने काढण्याची रीत पडली. त्यात तंतूचे बळ जाते. हातसुताची मजुरी गाठीवर मोजतात. दहा-दहा इंचांचे दहा धागे म्हणजे एक गाठ, आणि कित्येक वर्षे एका गाठीस एक रुपया हाच भाव चालत आला होता.

ज्यांच्या संग्रही जुन्या शाली आहेत त्यांनी काठाची नक्षी पाहून झाल्यावर मधली कोरी जमीन भिंगाखाली धरून पाहावी. हातसुतात धागा कोठे किंचित भरतो, कोठे किंचित निमुळता होतो, आणि त्याचा पीळ वीतभर अंतरातही अगदी एकसारखा राहत नाही. शालीची नोंद करताना लांबी-रुंदीशेजारी ताण्याबाण्याची प्रतिइंच धागेसंख्या व पिळाची दिशाही लिहून ठेवावी.